कॉपी-लॉक नको म्हणणारा प्रत्येक जण चोर नसतो

बाळीवेसकर
काल या फोरमवर एकानं ठोकून दिलं: "कॉपी प्रोटेक्शनला (गाणी-पिक्चरची नक्कल होऊ नये म्हणून कंपन्या घालतात त्या लॉकला) विरोध करणारे सगळे फुकटे. प्रामाणिक माणसाला लॉकचा त्रास होतच नाही." वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

त्रास प्रामाणिक माणसालाच होतो. माझे वडील गाण्याच्या ॲपचे पैसे न चुकता भरतात. आषाढीला निघण्याआधी अभंग डाउनलोड करून ठेवलेले. वाखरीच्या गर्दीत नेटवर्क गेलं आणि ॲप म्हणतंय, 'आधी इंटरनेटला जोडा'. गाणी फोनमध्ये, परवानगी कंपनीच्या सर्व्हरवर. शेजारच्या वारकऱ्यानं मोबाइलच्या दुकानातून गाण्यांचं मेमरी कार्ड भरून आणलेलं, त्याच्याकडं तेच अभंग खणखणीत वाजत होते. लॉकनं अडवलं कुणाला?

२००५ मध्ये सोनी बीएमजी या गाण्यांच्या कंपनीनं काय केलं ते आठवा. त्यांच्या काही विकत घेतलेल्या सीड्या संगणकात घातल्या की एक छुपा प्रोग्रॅम आत घुसून बसायचा. चोरीची एमपीथ्री ऐकणाऱ्याला त्यातलं काही भोगावं लागलं नाही. बोभाटा झाला तेव्हा सीड्या परत मागवल्या. डीव्हीडीचं लॉक तर १९९९ लाच फुटलं होतं.

मिक्सिंगवाला
मालक, वडिलांचं वाईट वाटलं. आता माझं ऐका. सिद्धरामेश्वरांच्या गाण्यांचा अल्बम केला. गायक, ढोलकी, हार्मोनियम, सगळ्यांची बिदागी माझ्या खिशातून. गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, सुरू व्हायच्या आत गाणी होम मैदानावर कार्डात भरून मिळायला लागली. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत लोक माझंच गाणं लावून नाचत होते, आणि ढोलकीवाल्याचे राहिलेले पैसे द्यायला मी उसने मागत होतो. सोनीच्या गोष्टी मला सांगू नका.

पार्कचौक
लॉक लावलं असतं तरी हेच झालं असतं. स्पीकरमधून जे ऐकू येतं ते रेकॉर्ड होतंच, एक वायर पुरते. एकानं एकदा काढलं की गावभर. ॲपलनंसुद्धा २००९ मध्ये आयट्यून्सच्या गाण्यांवरचं लॉक काढलं, तरी लोक गाणी विकत घेतच राहिले.

मिक्सिंगवाला
ॲपलची दुकानदारी मोठी आहे. मी एक अल्बम बुडालो की स्टुडिओचं भाडं थकतं.

यंत्रमाग_अशोकचौक
चोरीचं दुखणं आम्हाला विचारा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी पानिपतचा माल 'सोलापुरी' लेबल लावून देशभर खपतो. हलकं सूत, दोन धुण्यांत रंग जातो, आणि बदनाम होतो आमचा माग. आमच्या नावाची कॉपी झाली की सगळे हळहळता, गाण्याची झाली की 'माझा हक्क'? हा कुठला न्याय?

बाळीवेसकर
तुम्हीच माझा मुद्दा मांडलात. मानांकनाचा कायदा नकली लेबल लावणाऱ्याला धरतो. चादर घेणाऱ्या गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही की ही फक्त याच पलंगावर अंथरा, पाहुण्याला दिलीत तर वीण उसवेल. गाण्याच्या लॉकमध्ये नेमकं तेच होतं.

यंत्रमाग_अशोकचौक
धरतो म्हणे! कुणाला धरलं? नवी पेठेत स्वतः चक्कर मारा. पाटी 'अस्सल सोलापुरी', आत माल कुठला ते काठ बघूनच कळतं. इथं पोरं माग भंगारात घालून पुण्याला कामाला चालली.

पार्कचौक
विषय गाण्यांचा आहे. चादरीचा वेगळा धागा काढा.

यंत्रमाग_अशोकचौक
वेगळा काढला की एक जण फिरकत नाही. आमचं ऐकायचं नसेल तर सोलापूरचं नाव तरी कशाला घेता?

कोर्टकचेरी
दोघंही जरा थांबा. २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आलं. हक्क बुडवण्याच्या इराद्यानं लॉक तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. इराद्याचा शब्द कलमातच आहे. आणि कलम ५२ खासगी वापराला वाजवी मुभा देतं. वडिलांसाठी अभंग जपणारा आणि गड्ड्यात कार्ड भरून विकणारा, कायद्याला एक नाहीत. लॉकला मात्र दोघं सारखेच.

मिक्सिंगवाला
हे शेवटचं वाक्य पटलं, नाइलाजानं म्हणा. पण इरादा सिद्ध कोण करणार? तक्रार द्यायला गेलो तर समोरून विचारलं, "गाणंच ना? मग काय चोरीला गेलं?"

बाळीवेसकर
तुमचा राग तिथं काढा, मी तुमच्या बाजूनं येतो. पण पैसे भरूनही फोनमध्ये वाईडवाईन नावाच्या लॉकची वरची, एल-१ पातळी नाही म्हणून माझ्या घरी पिक्चर धुरकट दिसतो, त्यातून तुमच्या ढोलकीवाल्याला एक पैसा मिळत नाही.

मिक्सिंगवाला
बरं. पुढचा अल्बम लॉकशिवाय देतो, पेन ड्राइव्हवर, कुठंही वाजवा. पण गड्ड्याच्या आधी कार्ड भरणाऱ्यांच्या दुकानांत माझ्याबरोबर यायचं. इथं लिहून उपयोग नाही.

बाळीवेसकर
येतो. वार सांगा.

यंत्रमाग_अशोकचौक
आणि नवी पेठेत माझ्याबरोबर कोण येतंय?