किमान वेतन वाढलं, पण जुन्या कामगारांचं काय? मदत हवी आहे

मंडळी, किमान वेतन वाढलं की नव्या माणसाचा पगार वाढतो, ते ठीकच. माझी अडचण जुन्यांची आहे. अनुभवी कारागीर आणि कालचा शिकाऊ पोरगा आता जवळजवळ एकाच पगारावर आलेत. सगळ्यांचाच पगार वाढवायचा तर खर्च झेपत नाही, आणि नाही वाढवला तर जुना माणूस सोडून जाणार. (त्याचं चुकतंय असंही नाही म्हणा.)

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात १९९२ साली किमान वेतन वाढलं, तेव्हा रोजगार घटल्याचं कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांना आढळलं नाही. पण त्यांनी पाहिली ती फास्ट फूडची साखळी दुकानं. चार-पाच माणसांच्या धंद्यात तुम्ही कसं निभावलंत? भाव वाढवले की कामाचे तास कापले? कामगारांनीही सांगा, तास कमी झाल्यावर महिनाअखेरीस हातात खरंच जास्त पडतं का?