शहाबादी फरशीवर पांढरं मीठ फुटायलंय, काय करावं?

लातूरची ताई:
नमस्कार. मी औसा रोडला मुलींचं वसतिगृह सांभाळते. 22 खोल्या, खाली सगळी शहाबादी फरशी, बाथरूममध्ये टाइल्स. पावसाळ्यात काही दिसत नाही, पण दिवाळी सरली, हवा कोरडी पडली की फरशीवर पिठासारखा पांढरा थर येतो. पहाटे पाणी सोडायला उठते तेव्हा तळपायाला खरखर लागते. मुलींच्या काळ्या मोज्यांचे तळवे पांढरे होतात. सकाळी पुसलं की फरशी काळीभोर दिसते, वाळली की दुपारपर्यंत पुन्हा तेच. जितकं जास्त पुसावं तितका थर जास्त.

साफसफाईच्या सामानाच्या दुकानात विचारलं तर त्यांनी अ‍ॅसिडची बाटली हातात ठेवली. दारापाशी ओतलं. फसफसून फेस आला, वाटलं क्षार निघाला. धुतल्यावर पाहते तर तीन फरश्या पांढुरक्या आणि खडबडीत. मालकांना काय सांगू, या काळजीनं रात्री झोप नाही. कुणी जाणकार असेल तर नीट सांगा.

नांदेडचा फरशीवाला:
ताई, आधी ती बाटली बंद करून मुलींच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. अ‍ॅसिडनं फेस आला तो क्षाराचा कमी, दगडाचाच जास्त. व्हिनेगर, लिंबूसुद्धा या फरशीला नको. आणि अ‍ॅसिडमध्ये ब्लीचिंग पावडर कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो.

आता थर कसला आहे ते बघा. चिमूटभर पावडर वाटीत घेऊन पाणी घाला. विरघळली तर साधं मीठ, त्याला अ‍ॅसिड लागतच नाही. तशीच तळाला बसली तर चुन्याचा क्षार.

मीठ असेल तर ओला पोछा नंतर. आधी कोरड्या फरशीवर कडक ब्रश मारा, पावडर सुपलीत भरून बाहेर टाका, कुंडीत नको. पाणी ओतलं की मीठ विरघळून दगडात आणि सांध्यात परत शिरतं, वाळताना पुन्हा वर येतं. म्हणून तुम्ही पुसाल तितकं ते फुटायलंय.

एक गोष्ट विचारतो. पुसायला पाणी कोणतं वापरता?

लातूरची ताई:
पिण्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी. नळ आठवड्यातून एकदा येतो, बाकी सगळं बोअरवर. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हा मी घागर घेऊन रांगेत उभी होते. त्या दिवसापासून पाणी फेकायला माझा हात धजत नाही. आरओच्या नळीखाली कायम दोन बादल्या असतात.

नांदेडचा फरशीवाला:
तुमचं पाणी जपणं सोन्यासारखं आहे, पण हे पाणी फरशीसाठी नाही. आरओ पिण्याच्या पाण्यातला क्षार काढतो, तो सगळा या बादलीत येतो. ते संडासात ओतायला वापरा, वाया जाणार नाही. बाथरूमलगतच्या भिंतीकडेला थर जास्त असेल तर तिथं ओल मुरते आहे का तेही बघा. हातभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावून दिवसभर ठेवा. खालून घाम धरला तर ओल जमिनीतून येते, मग नुसत्या पुसण्यानं भागणार नाही.

बीडकर, सध्या कॅनडात:
ताई, मी इथं इमारतींच्या देखभालीचं काम करतो. हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते बुटांना लागून आत येतं आणि फरशीवर असाच पांढरा थर धरतो. पहिल्या वर्षी मी एकाच बादलीत अख्खा मजला पुसला होता. वाळल्यावर पोछ्याचा प्रत्येक फराटा उमटलेला. मीठ निघालं नव्हतं, मी ते सारखं पसरवलं होतं. आता दोन बादल्या घेतो, एक पुसायची, एक पिळायची. पोछा घट्ट पिळलेला, पाणी गढूळ झालं की लगेच बदलायचं, शेवटी एक हात स्वच्छ पाण्याचा. आम्ही कॅल्शियम क्लोराइडही टाकतो, ते हवेतली ओल ओढून घेतं, फरशी चिकट आणि निसरडी होते. तुमचं कोरडं आहे, ब्रशनं निघतं, हे बरं आहे. इथं दारात लांब पायपुसणी टाकतो आणि ती रोज झटकतो.

लातूरची ताई:
दहा दिवसांनी लिहितेय. पावडर वाटीत पूर्ण विरघळली. मग स्टीलच्या ताटलीत तीन ठिकाणी चमचाभर पाणी ठेवून गच्चीवर वाळवलं: नळाचं, बोअरचं, आरओचं उरलेलं. नळाचा पुसट डाग, बोअरचं कडं, आणि आरओच्या पाण्याचं नखानं खरवडावं असं जाड पांढरं वर्तुळ. एका मुलीकडं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेला क्षार मोजायचं यंत्र आहे, त्यावर ते लिटरला 1900 मिलिग्रॅम दाखवत होतं. तिनंच हिशेब केला, 15 लिटरच्या बादलीत साधारण 28 ग्रॅम क्षार. दोन वर्षं मी ते हातानं फरशीवर पसरत होते.

आता सकाळी कोरडा ब्रश, नळाचं पाणी अर्धी बादली, दोन बादल्यांची पद्धत. सात खोल्यांत थर यायचा थांबला. बाथरूमकडच्या दोन खोल्यांत प्लॅस्टिकखाली थेंब धरले, प्लंबरला बोलावलंय. भाऊ, त्या तीन फरश्यांचं काय?

नांदेडचा फरशीवाला:
त्या पॉलिशच्या मशीननं घासून घ्याव्या लागतील. पण आधी ओलीचं काम होऊ द्या, फरशी पूर्ण सुकू द्या. घाई करून वरून सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारा लेप, मारू नका, आतलं मीठ अडकून दगडाचे पापुद्रे निघतात.