बजेट कमी म्हणून नुसते इंच मोजायचे का?

रात्रपाळी: टीव्ही घेताना उगाच डोकं लावू नका. बजेटमध्ये बसेल तो सगळ्यात मोठा ४के उचला आणि मोकळे व्हा. पॅनल (चित्र दाखवणारा पडदा), निट्स (उजेडाचं माप) वगैरे रिकामटेकड्यांच्या गप्पा आहेत.

खिळेमोळे: हे वाचून राहवलं नाही म्हणून लांबण लावतोय. मी अगदी हेच केलं होतं. ४३ इंचीच्या पैशात ५५ इंची मिळतोय म्हणून खूश होऊन उचलला. दिवसा पडदे ओढल्याशिवाय चेहरे दिसेनात आणि रात्रीचा सीन लागला की काळ्याच्या जागी सगळा राखाडी धुरळा. खोक्यावर एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला फरक ठळक दाखवणारं चित्र, असं छापलेलं होतं की! पण त्याचा अर्थ एवढाच, की टीव्ही तो सिग्नल घेतो. दाखवायला पॅनलमध्ये उजेड नको का, २५०-३०० निट्समध्ये तो बिचारा काय दाखवणार. वॉरंटी संपली आणि थोड्याच महिन्यांत स्क्रीनवर बशीएवढे पांढरे गोळे उमटले. मेकॅनिकने पॅनल उचलून आतल्या शीट काढल्या, तर एलईडीच्या पट्ट्यांवरची नखाएवढी भिंगं सुटून तळाशी गोळा झालेली, गोंद पार वाळून गेलेला. त्यामुळे गप्पा म्हणू नका, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

रात्रपाळी: तुमचा पीस खराब निघाला यात साइजचा काय दोष? माझा ५५ चार वर्षं बिनतक्रार चाललाय. आमचा सोफा टीव्हीपासून दहा फुटांवर आहे, ४३ लावला असता तर मॅचचा स्कोअर वाचायला उठून जावं लागलं असतं.

पिक्सेलमोज्या: दहा फुटांवरून मोठा टीव्ही हवा हे बरोबर, पण मग ४केचा, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा, एवढा गजर कशाला? ४३ इंचीत फुल एचडीचा एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक ठिपका, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा, तो पावणेसहा फुटांच्या पुढून नॉर्मल नजरेला सुटा दिसतच नाही. म्हणजे तेवढ्या स्क्रीनवर दहा फुटांवरून ४के काय नि फुल एचडी काय, सारखंच. दिसतो तो कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक. व्हीए प्रकारच्या पॅनलमध्ये काळा रंग काळा दिसतो पण बाजूला बसलं की रंग फिके पडतात, आयपीएस या दुसऱ्या प्रकाराचं बरोबर उलटं. घरात कोण कुठे बसतं ते आधी बघा. आणि क्यूएलईडी या नावाला भुलू नका, तोही मागून उजेड टाकणारा एलसीडीच आहे.

शांतताहवी: सगळे चित्रावरूनच भांडताय, आवाजाचं कोण बोलणार? आमच्या नव्या टीव्हीचं चित्र सुंदर आहे, पण सासऱ्यांना एक संवाद धड कळत नाही. आवाज ४० वर नेला की पार्श्वसंगीताने भिंती हलतात, परत बोलणं सुरू झालं की ते कानामागे हात धरून पुढे वाकतात. दर दोन मिनिटांनी "काय म्हणाला गं तो?" बघवत नाही हो.

रात्रपाळी: साउंडबार घ्या, विषय संपला.

शांतताहवी: बजेटचा धागा आहे ना हा? टीव्ही घेऊन हात रिकामे झाल्यावर साउंडबार कशाने घेऊ?

रात्रपाळी: मग कानांची तपासणी करून घ्या त्यांची, टीव्हीला कशाला दोष देताय.

शांतताहवी: तोंड सांभाळून बोला. तपासणी झालीय, वयामानाने ठीक आहे. जुन्या डबा टीव्हीवर त्यांना सगळं ऐकू यायचं!

खिळेमोळे: ताईंचं शंभर टक्के खरं आहे. जुन्या डब्यात स्पीकरला जागा होती आणि बऱ्याचदा तोंड समोर असायचं. आता टीव्ही दोन बोटं जाडीचा, स्पीकर चपटे नि तोंड जमिनीकडे. ताई, साउंड सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा मोड किंवा नाइट मोड शोधा, त्याने मोठे आणि बारीक आवाज जवळ येतात. घरात जुनी म्युझिक सिस्टीम पडून असेल तर टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून तिला जोडा, भोक नसेल तर ऑप्टिकल (उजेडातून आवाज नेणाऱ्या वायरीचं भोक) बघा.

रात्रपाळी: कानांबद्दल बोललो ते चुकलं, मागे घेतो. पॅनलचंही थोडंफार मान्य. पण ५५ वरून मी खाली येणार नाही.

पिक्सेलमोज्या: येऊ नका, फक्त दुकानात झगमगीत मोडवर भुलून घेऊ नका. मोड सिनेमाचा करायला लावा, पेनड्राइव्हवरून अंधाराचा एखादा सीन लावा आणि मग कोपऱ्यात जाऊन बघा.

शांतताहवी: मोड सापडला, चार मेनूंच्या आत दडवून ठेवलेला. काल बातम्या २२ वर लावल्या आणि त्यांनी एकदाही विचारलं नाही. एवढी गरजेची गोष्ट रिमोटवर बटण म्हणून का देत नाहीत, याचा राग मात्र गेलेला नाही.