मदत हवी आहे : ‘बलगम’ चित्रपटातील पिंडविधी आणि शेवटचे गायन

नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या चित्रपट मंडळात वेणू येल्दंडी यांचा ‘बलगम’ (2023) हा तेलुगू चित्रपट दाखवून त्यावर चर्चा घेण्याचे ठरले आहे आणि त्याच्या टिपणासाठी तेलंगणातील चालीरीतींची माहिती असणाऱ्यांचे साहाय्य हवे आहे.

कोमुरय्या हा वृद्ध वारल्यावर तिसऱ्या दिवशी ठेवलेल्या घासाला कावळा शिवत नाही आणि मग, मटणातल्या नळीवरून झालेल्या जुन्या रुसव्यामुळे मुलगा व जावई यांच्यात पडलेली दरी, नातवाचे कर्ज आणि त्याचे मोडलेले लग्न, हे सारे गावासमोर उघडे पडते. काकस्पर्शाची कल्पना आपल्याला नवी नाही. परंतु आपल्याकडे दहाव्याला कावळा न आल्यास दर्भाचा कावळा करून विधी उरकतात, तशी सोय तिकडे आहे का? तसेच या कामी गावाच्या पंचांना खरोखर इतका अधिकार असतो, की तो कथेपुरता वाढवला आहे?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. शेवटी मोगिलय्या आणि कोमुरम्मा हे बुडगा जंगम या कथागायन करणाऱ्या समाजातील कलावंत दांपत्य मृताच्या घरच्यांना उद्देशून जे गाते, ते ऐकून सगळे घर रडते. उपशीर्षकांत मात्र त्यातील नात्यांचे बारकावे हरवतात, असे माझे मत आहे. सोलापुरातील तेलुगू भाषक सदस्यांपैकी कोणी त्या गायनाचा आशय मराठीत सविस्तर सांगू शकेल का? अशी गाणी मृत्यूनंतर नेमक्या कोणत्या दिवशी म्हणतात, हेही कळल्यास आभारी राहीन.