शिलाहार राजांच्या काळात कोकणातल्या व्यापाऱ्यांची स्वतःची जहाजं होती का?

दर्याकाठ:
चौल, सोपारा, ठाणे ही मोठी बंदरं होती हे सगळेच सांगतात, पण वाचावं तिकडे अरब व्यापारी आणि अरब जहाजं, आपले लोक जणू काठावर बसून फक्त माल विकायचे. १० ते १३व्या शतकात इथल्या कुणाच्या मालकीची जहाजं होती याचा लेखी पुरावा आहे का? महाराजांच्या आरमाराच्या आधीचं विचारतोय. आणि जहाज बुडालं तर काय, विमा तर नसणारच ना तेव्हा?

ताम्रपट_वेडा:
आहे की, आणि एकदम घरचा पुरावा आहे! खारेपाटणला सापडलेला शिलाहार अनंतदेवाचा ताम्रपट, शके १०१६ म्हणजे इ.स. १०९४. भाभण श्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धणाम श्रेष्ठी यांची जहाजं ठाणे, नागाव, सोपारा, चौल अशा कुठल्याही बंदराला लागली तरी जकात माफ, असं राजाने लिहून दिलंय. हे दोघं नुसते शेटजी नव्हते, दरबारातली मोठी माणसं होती. एखाद-दुसरं गलबत असणाऱ्यासाठी कुणी बंदरांची नावं घालून तांब्याचा पत्रा कोरून देत नाही, त्यामुळे यांचा पसारा मोठाच असणार असं माझं ठाम मत आहे.

खाडीवाला:
पुरावा भारी आहे, पण अरबांना सरसकट परके धरू नका. डहाणूजवळच्या चिंचणीचा राष्ट्रकूट ताम्रपट बघा, शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६. संजाण बंदराचा कारभार राजाने मधुमती नावाच्या ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे दिलेला, मधुमती म्हणजे मुहम्मदच, आणि त्याने नदीवर फुकट होडी आणि अन्नछत्र सुरू केलं होतं. पुढे १२६४ मध्ये इराणजवळच्या होर्मुझ बंदराच्या नाखुदा (जहाजाचा मालक-कप्तान) फिरोजने सोमनाथला मशीद बांधली, तिच्या खर्चासाठी तेलाचा घाणा आणि दोन दुकानं लावून दिली, आणि हे सगळं गावच्या पुढाऱ्यांच्या साक्षीने. ही माणसं इथलीच होऊन राहत होती हो.

मिरीमसाला:
बुडण्याबद्दल सांगतो. कैरोच्या गेनिझात, म्हणजे तिथल्या ज्यू प्रार्थनास्थळातल्या जुन्या कागदांच्या कोठीत, ज्यू व्यापाऱ्यांची पत्रं सापडलीत, त्यातलं एक १२व्या शतकातलं, येमेनमधल्या एडन बंदरातून मंगळूरच्या बेन यिजू या व्यापाऱ्याला लिहिलेलं. त्याचा माल असलेलं जहाज तांबड्या समुद्राच्या तोंडाशी बाब-अल-मंदबपाशी फुटलं, मिरी सगळी गेली, एकही दाणा हाती लागला नाही, पण लोखंड होतं त्यासाठी एडनहून पाणबुडे खलाशी आणले आणि जवळपास निम्मं वर काढलं. विमा नव्हताच, म्हणून व्यापारी माल एकाच जहाजात न भरता दोन-तीन जहाजांत वाटून पाठवायचे. जहाजही भागीत बांधायचे, एडनच्या मदमून या व्यापाऱ्याने तिथल्या सत्ताधारी बिलालबरोबर सिलोनच्या व्यापारासाठी तसंच जहाज बांधलं होतं.

दर्याकाठ:
वा, मनापासून आभार सगळ्यांचे. म्हणजे जहाजमालक आणि राजदरबार हे नातं खारेपाटणलाही दिसतं आणि एडनलाही. आता त्या भाभण श्रेष्ठीची जहाजं नेमका काय माल नेत होती याबद्दल कुणाला माहिती असेल तर जरूर लिहा.