कॅलिफोर्निया वर्कर्स कॉम्प (कामावरच्या दुखापतीची विमा-भरपाई): डॉक्टरकडे जाण्या-येण्याचे मैलांचे पैसे कसे मागायचे?

प्रश्न: कामावर पाठ दुखावली. फिजिओथेरपी 18 मैलांवर. डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 च्या फेऱ्यांना एकच दर लागतो का?

प्रतिसाद 1: नाही. दुखापतीची नव्हे, प्रवासाची तारीख बघतात. 2024 ला मैलामागे 67 सेंट, 2025 ला 70. जाऊन-येऊन 36 मैल धरा: 24.12 आणि 25.20 डॉलर. पेट्रोल त्यातच आलं, वेगळं मागू नका.

प्रतिसाद 2: पार्किंग, टोल मात्र वेगळे लिहा, पावत्या जोडा. औषधाच्या दुकानाची फेरीही धरा, ती हमखास राहते.

प्रतिसाद 3: मैलांच्या पैशांचा फॉर्म विमा कंपनीच्या, दावे हाताळणाऱ्या क्लेम्स अ‍ॅडजस्टरला पाठवा, डॉक्टरला नव्हे. प्रत्येक फेरीची तारीख, दोन्ही पत्ते, मैल हवेत. "महिन्याचे अंदाजे 300 मैल" लिहिलंत की अडकलंच. प्रत ठेवा हो!