पॉलिएस्टरचे रंग बंद करायचे की रंगाच्या पाण्याचा हिशेब मागायचा?

मृदुला_डोंबिवली
जानेवारी २०१४ मध्ये आमच्याकडे हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, मुख्यमंत्री येऊन बघून गेले. मधल्या काळात, २०१७ साली, तळोज्यात कासाडी नदीकाठची कुत्री निळी झाली. आणखी किती वाट बघायची? कापडाचे, कागदाचे हे रासायनिक रंग वस्तीजवळ नकोतच. नैसर्गिक रंगांकडे परत जाऊ.

गेल्या दिवाळीत पतंगी कागदाचा कंदील अवकाळी पावसात भिजला. गॅलरीच्या पांढऱ्या भिंतीवर राणी रंगाचे ओघळ आले. घासून घासून माझे हात गुलाबी झाले, भिंत तशीच.

भिवंडीचा_डाईंगवाला
ताई, कंदिलाचा रंग आणि साडीचा रंग एका मापानं मोजू नका. पतंगी कागदावरचा रंग पाण्यात विरघळणारा, नुसता वरवर धरलेला. पॉलिएस्टरला लावतात तो डिस्पर्स रंग, म्हणजे पाण्यात बारीक कणांनी पसरणारा, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. जेट मशीनमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या बंद यंत्रात, दाबाखाली १३० अंशांवर नेलं की धागा सैलावतो, रंग आत शिरतो आणि गार झाल्यावर आतच अडकतो. वर राहिलेला आम्ही कॉस्टिक-हायड्रोनं, म्हणजे कॉस्टिक सोडा आणि हायड्रोसल्फाइटनं, धुऊन काढतो. लाल रंग देणाऱ्या मंजिष्ठेचं पोतं आणून दिलंत तरी या धाग्यावर हवी ती पक्की शेड सहज बसणार नाही.

मृदुला_डोंबिवली
दादा, तो काढलेला रंग जातो कुठे?

भिवंडीचा_डाईंगवाला
सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जायला हवा. सगळे पाठवतात असं छातीठोकपणे नाही सांगणार. रात्री नाल्यात सोडणारे आहेत. प्रक्रियेचा खर्च वाचवून ते कमी दर लावतात, आणि रीतसर काम करणाऱ्याच्या ऑर्डरी तुटतात. आधी त्यांना धरा.

रसायन_शिक्षक
सरसकट बंदीला माझाही विरोध, पण नेमकी बंदी हवीच. काही अझो रंगांपासून (हा कृत्रिम रंगांचा एक मोठा गट) अमाइन नावाची कर्करोगकारक रसायनं सुटतात, म्हणून १९९४ मध्ये जर्मनीनं ते बंद केले; १९९७ मध्ये आपल्याकडे ७० अझो रंगांवर बंदी आली. कापड रंगवणं त्यानं थांबलं नाही.

आणि फक्त रंगाकडे बघू नका. सुती कापडाला रिअॅक्टिव्ह रंगाची, म्हणजे सुताशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगाची, गडद शेड द्यायची तर दर लिटर पाण्यात ५०-६० ग्रॅम मीठ सहज लागतं. त्या पाण्यातला रंग काढून ते काचेसारखं नितळ केलंत तरी मीठ त्यातच राहतं. ते शेतात गेलं की जमीन चोपण, म्हणजे क्षारानं नापीक, होते, आणि तेव्हा फोटो काढायला कुणी येत नाही. गुलाबी रस्ता निदान दिसला तरी.

मृदुला_डोंबिवली
सर, मिठाचं पटलं. नैसर्गिक रंगांचा आग्रह सोडते. वस्तीजवळचे कारखाने हलवा, हे मात्र सोडणार नाही. खिडक्या लावून झोपतो आम्ही.

भिवंडीचा_डाईंगवाला
हलवाल, पण आमच्या रंगखात्यातली माणसं पायी कामावर येतात. त्यांच्या घरांचं काय, तेही त्याच मागणीत लिहा. मग माझी सही घ्या.